हातात न आलेली वाढ

४ जून

ती. ताईस,
बारकीचा नमस्कार.

तुझी बाळी बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. मागच्या आठवड्यात दोन दिवस सर्दी होती, गेली. वजन बासष्ट किलो. सव्वीस वर्षांची झाली तरी जेवताना गुणगुणते अजून. चमचा डाव्या बाजूनं नेला तरच तोंड उघडते. उजवीकडून नेला की अशी बघते, जणू मी तिच्या घरात न विचारता शिरले.

आता माझं काम. ताई, माझी कंबर कामातून गेली आहे. व्यायाम शिकवायला येतात त्या बाईंनी बोट लावून दाखवलं. म्हणाल्या, "मावशी, इथली गादी झिजलीय. अजून दोन वर्षं अशी उचलाउचल केलीत तर तुम्हालाच इथे भरती करून घ्यावं लागेल." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण नंतर खाली पडलेला साबण उचलायला वाकले आणि तशीच राहिले. सरळ व्हायला पाच मिनिटं लागली.

म्हणून दोन सुट्ट्या टाकून आमच्यासारख्याच, अपंगांना सांभाळणाऱ्या शहरातल्या दुसऱ्या दोन संस्था बघून आले. कुणाला बोलू नकोस.

एक आहे ती काचेची. बाहेरून बँक वाटते. पगार चौदा हजार दोनशे, पण माणसं कंत्राटदाराची. अकरा महिने झाले की घरी, पुन्हा बोलावलं तर यायचं. गणवेशाचे दरमहा हजार कापतात. चाकाच्या खुर्च्या कोऱ्या करकरीत, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही, आणि एका खोलीत कुलपात. मी विचारलं, या कुणासाठी? तिथली मावशी म्हणाली, "पाहुण्यांसाठी." म्हणजे पाहुण्यांनी बघायला. मावश्या जिन्यावर बसून डबा खातात, कारण त्यांना बसायला खोलीच नाही.

दुसरं एक दिवसाचं केंद्र आहे, गाड्या दुरुस्तीच्या दुकानाच्या मागे. तेलाचा वास येतो. बावीसच माणसं, सकाळी नऊला येतात, पाचला घरी. पगार बारा हजार तीनशे, दर रविवारी सुट्टी, म्हातारपणासाठी फंड. आणि ताई, तिथे उचलायचं यंत्र आहे! झोळीसारखं कापड, वर साखळी, दांडा फिरवला की माणूस अलगद वर. त्यांनी मला एका बाईला उचलायला लावलं. मी दांडा फिरवला, ती वर गेली, आणि माझ्या कमरेला काही कळलंच नाही. तिथल्या मुख्य बाई स्वतःचा कप स्वतः विसळतात.

त्या मला घ्यायला तयार आहेत. महिनाअखेर उत्तर हवंय. तू शाळेत गणितात कधी मार खाल्ला नाहीस, आणि मी कधी चुकवला नाही. तेव्हा तिन्ही ठिकाणांचा हिशेब मांडून दे. तू म्हणशील तसं करीन.

तुझी,
बारकी

१२ जून

चि. बारकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बाळीची सर्दी गेली, देवाला हात जोडले. कागद पाठकोरा आहे, मागच्या बाजूला ह्यांच्या औषधांची यादी आहे, ती वाचू नकोस.

तुझं काम दोन दुपारी घेऊन केलं. नीट वाच, घाई करू नकोस.

काचेच्या संस्थेचा विचार सोडूनच दे. चौदा हजार दोनशेतून गणवेशाचे हजार गेले. राहायला ते देणार नाहीत, म्हणजे खोलीभाडं अडीच हजार. जेवणखाण दोन हजार, बस सहाशे. उरले आठ हजार शंभर, आणि अकराव्या महिन्यानंतर देवाचं नाव.

आता तुझं ते तेलकट केंद्र. बारा हजार तीनशे ऐकायला बरं वाटतं. पण भाडं, जेवण, बस तिथेही तेवढंच. वजा करून सात हजार दोनशे उरतात. सध्या तुझ्या हातात नऊ हजार सहाशे येतात, आणि राहणं, दोन वेळचं जेवण, दोनदा चहा संस्थेचा. म्हणजे दर महिन्याला चोवीसशेचा तोटा सोसून तू पगारवाढ घ्यायला निघालीस. हसू येईल असा हिशेब आहे, पण मला हसू येत नाही.

यंत्राचं म्हणशील तर यंत्रं बिघडतात. कमरेला मी तेल पाठवते आहे, रात्री चोळून गरम कपडा बांध. माझीही कंबर त्यानंच राहिली.

आणि एक सांगते. काम तेच असलं तरी जागा तीच नसते. अकरा वर्षं तू तिथे आहेस. पुण्याईचं काम आहे, पुण्याई अशी बसमध्ये बसवून इकडून तिकडे नेता येत नाही. बाळी तुझ्या हातून जेवते. मी चार तासांच्या अंतरावर, दोन महिन्यांतून एकदा येणार, केळी आणि बिस्किटं देऊन परत. बाळीच्या बाजूनं मी काही बोलत नाही, नुसता आकडा बोलते आहे. आकडा म्हणतो, राहा.

ह्यांचा नमस्कार. गुडघे दुखतात, पण पेपर वाचायला चष्मा लागत नाही म्हणून मिरवतात.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस,
नमस्कार.

हिशेब वाचला. तेल मिळालं. डब्याला चिकटपट्टीचे पाच वेढे बघून आमची दारावरची बाई म्हणाली, "यात काय, दागिने आहेत का?"

ताई, तू माझं जेवण पगारात धरलंस. आता ते जेवण सांगते. बाराला ताटं वाढायची. माझ्याकडे नऊजणी, त्यातल्या सहाजणींना भरवायचं. एकीला अर्धा तास. मग तोंडं पुसायची, कपडे बदलायचे, झोपवायचं. माझं ताट येतं तीनला. भाताचा गोळा झालेला असतो, पाणी घालून मोडावा लागतो. हे जर पगारात धरायचं तर तूही रोज स्वयंपाक करून जेवतेस. तुझं जेवण तुझ्या पगारात धर, आणि एकूण पगार किती होतो ते मला कळव.

राहण्याचंही तेच. चार खाटांची खोली, माझ्या उशाशी घंटा. कुणाला कूस बदलायची असली की ती वाजते. फुकट राहणं नाही ते, फुकट रात्रपाळी आहे. फंड तू लिहिलाच नाहीस. रविवार लिहिले नाहीस, इथे महिन्याला दोनच मिळतात. आणि कंबर कुठल्या रकान्यात घातलीस?

बरं, हे सगळं राहू दे. मला दुसरंच काही सापडलंय, त्याचा अर्थ तू सांग. चार वर्षांपूर्वी इथे एक मुलगी लागली. तिला चादर बदलायला मी शिकवलं. परवा तिचं पाकीट फाटलं आणि नोटा जमिनीवर पडल्या, मी वेचायला मदत केली. अकरा हजार चारशे! तिला अकरा हजार चारशे आणि मला नऊ हजार सहाशे. मग आठवलं, माझ्या पाकिटात गेली सहा वर्षं हाच आकडा आहे. बाकीच्यांना दर वर्षी थोडंथोडं वाढतं. मला वाटायचं, सगळ्यांचीच रड आहे, म्हणून कधी विचारलं नाही. आम्ही एकमेकींना पगार सांगत नाही. संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाई म्हणतात, सेवा करणाऱ्यानं पाकीट उघडून दाखवू नये.

मी हिशेबनिसाकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, तुमचं वेगळं आहे." वेगळं म्हणजे काय? तर चष्मा पुसायला लागला. स्वच्छच होता चष्मा.

केंद्राला माझ्या पगाराचा दाखला हवा आहे. तसा अर्ज दिलाय. दाखल्यात काय ते कळेलच.

तुझी,
बारकी

२३ जून

चि. बारकीस,
आशीर्वाद.

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे, यावरून समज. साध्या टपालाच्या सहापट पैसे घेतले मेल्यानं.

तो दाखला मागू नकोस. अर्ज परत घे. चुकून दिला म्हण.

कारण विचारशील. कारण असं की बाळीला निम्म्या फीची सवलत आहे. फी सहा हजार आठशे, आपण तीन हजार चारशे भरतो. ही सवलत मोठ्या बाईंच्या मर्जीवर आहे. तू दुसरीकडे जायला निघालीस हे त्यांना कळलं आणि त्यांनी मनावर घेतलं तर? मोठ्या माणसांचं मन म्हणजे काचेचं भांडं. आपण कशाला हात लावा?

पगाराचं म्हणशील तर कुणाला जास्त, कुणाला कमी असतंच. ती मुलगी कुणाच्या ओळखीची असेल. आपण आपलं पाकीट बघावं. देव सगळ्यांचं बघतो, त्याच्याकडे दाखला लागत नाही.

बाळीला माझा पापा दे. या रविवारी येणार होते, पण ह्यांचे गुडघे सुजलेत.

तुझी,
ताई

११ जुलै

ताई,

तुझं कुरिअर आलं त्याच्या आदल्या दिवशी दाखला तयार झाला होता. इतके दिवस मी लिहिलं नाही कारण लिहायला बसले की अक्षर वाकडं यायचं.

दाखल्यात आहे ते जसंच्या तसं उतरवते. मूळ वेतन तेरा हजार. वजा, निवासी क्रमांक एक्केचाळीस यांच्या शुल्क सवलतीपोटी, कर्मचाऱ्याच्या लेखी संमतीनं, तीन हजार चारशे. हाती, नऊ हजार सहाशे.

एक्केचाळीस म्हणजे आपली बाळी. तिच्या प्रत्येक कपड्यावर हा आकडा मीच शिवलाय.

मी हिशेबनिसाला म्हटलं, "कसली संमती? मी काही दिलं नाही." त्यानं कपाटातून फाइल काढली. कागद दाखवला. सहा वर्षांपूर्वीचा, बाळीला आणलं त्या दिवसाचा. "माझी दर वर्षीची वेतनवाढ माझ्या नातेवाईक निवाशाच्या शुल्कात संस्थेनं वळती करून घ्यावी, सवलतीच्या रकमेइतकी होईपर्यंत." खाली माझी सही. शाई पसरलेली.

शाई का पसरली ते मला आठवतं. मी न्हाणीघरात होते, कुणाच्या तरी केसांना साबण लावत होते. तू दारात आलीस. म्हणालीस, "बारके, हे बघ, नातेवाईक म्हणून एक सही लागते, पटकन कर, साहेब जेवायला निघालेत." मी म्हटलं हात ओले आहेत. तू तुझ्या रुमालानं माझी दोन बोटं पुसलीस, कागद स्वतःच्या तळहातावर धरलास आणि मी सही केली. वाचलं नाही. तू आणलेला कागद मी कधी वाचलाय? शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत, आणि आमचे हे गेले तेव्हा विम्याच्या कागदांवरसुद्धा, तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली.

मोठ्या बाईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तुमच्या ताईंना सगळं नीट समजावून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी सांगते तिला."

त्यांच्या टेबलावर वार्षिक अहवाल होता. सातव्या पानावर बाळीचा फोटो, वेणी मीच घातलेली. खाली छापलंय, "गरजू कुटुंबांना संस्था निम्मं शुल्क माफ करते." ताई, आज संस्था एक पैसाही माफ करत नाही. ती सवलत मी देते आहे. दरवर्षी देणगीदार येतात, टाळ्या वाजवतात, आणि मी मागे पाण्याचे पेले घेऊन उभी असते.

तू मला हिशेब मांडून दिलास. खोलीभाडं मांडलंस, बसचे सहाशे मांडलेस, भाताचा गोळासुद्धा मांडलास. ही ओळ तेव्हा तुझ्यासमोर होती की नव्हती? तेवढंच लिही. बाकीचं काही लिहू नकोस.

बारकी

१६ जुलै

चि. बारकीस,

होती. मी ती दोनदा वाचली होती.

तू म्हणतेस बाकीचं लिहू नकोस, पण मी लिहिणार. फाडायचं असेल तर फाड.

माझ्या वहीचा नियम तुला ठाऊक आहे. हातात आल्याशिवाय जमा लिहायचं नाही. ह्यांचा बोनस जाहीर झाला तरी मी लिहीत नसे, नोट हातात पडेपर्यंत. त्या दिवशी हिशेबनीस म्हणाला, "तुमच्या बहिणीच्या पाकिटातून आम्ही काही कापणार नाही. नुसती पुढची वाढ वळती होईल." मी मनात मांडलं. पाकीट आज नऊ हजार सहाशे, उद्याही नऊ हजार सहाशे. म्हणजे बारकीचं काही जात नाही. वाढ तर अजून कुणाच्याच हातात नाही. जी आलीच नाही ती घेतली तर कुणाचं काय घेतलं? मला खरंच तसं वाटलं, बारके. माझ्या वहीत ते बसलं.

पण नंतर दर महिन्याला फी पाठवली की वहीत सवलतीचे तीन हजार चारशे लिहावे लागायचे, आणि कुणाकडून आले ते लिहायला हात धजत नसे. मी लिहायची, "देवकृपा." बहात्तर वेळा लिहिलंय. आता देवापुढे उभी राहिले की मान वर होत नाही.

एकूणही काढलं, तुला हवं असेल म्हणून. पहिल्या वर्षी महिन्याला सहाशे, मग बाराशे, अठराशे, चोवीसशे, एकोणतीसशे आणि हे चौतीसशे. एक लाख सत्तेचाळीस हजार सहाशे. दोनदा पडताळलं.

मला शिव्या दे, मी ऐकीन. पण एक माझंही ऐक. बाळीला वीस वर्षं मी उचललं. एकटीनं. न्हाऊ घालायला, जेवायला, डॉक्टरकडे. तुला निदान पाकीट मिळत होतं, कमी का होईना. मला कुणी दिलं? माझ्या कमरेला कुठल्या बाईनं बोट लावून बघितलं? तिला तिथे ठेवून परत निघाले त्या दिवशी बसमध्ये मी चार तास झोपले. वीस वर्षांत पहिल्यांदा. झोपेतून उठल्यावर मला स्वतःची किळस आली. कागदाचं तुला सांगायचं होतं, ते त्या झोपेत राहिलं, मग राहतच गेलं.

विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. खोटं बोलू नकोस, म्हणाली असतीस.

आता तू जाणार. सवलत संपणार. ह्यांचं निवृत्तिवेतन अकरा हजार, त्यातून सहा हजार आठशे देऊन आम्ही दोघं काय वारा खाणार? बाळीला घरी आणलं तर तिला उचलणार कोण, ह्यांचे गुडघे? तू मावशी आहेस तिची. पगारी नव्हे, खरी.

एवढं वर्ष थांब. मग जा.

ताई

२५ जुलै

ताई,

हो. विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. म्हणून तर विचारायचं होतंस.

मी हो म्हटलं असतं तर दर महिन्याला पाकीट हातात घेताना मला ठाऊक असतं की मी बाळीला काहीतरी दिलंय. सहा वर्षं मला वाटत राहिलं की मी कामाला कमी पडते, म्हणून वाढ होत नाही. मी जास्तीच्या पाळ्या केल्या, ताई. मोठ्या बाईंच्या नजरेत भरावं म्हणून. सत्तर किलोच्या बाईला एकटीनं टबात घातलं, कुणाला कामचुकार वाटू नये म्हणून. कंबर त्यात गेली. हे तुझ्या एकूण रकमेत नाही, पण असू दे.

तू वीस वर्षं उचललंस, ते खरं आहे. ते मी बघितलंय. पण त्याचं बिल माझ्या नावावर फाडायचं नव्हतंस.

एकतीस तारखेला मी इथून निघते. वर्ष थांबणार नाही, आठवडाही थांबणार नाही. आत्ताच लागलेल्या एका नव्या मुलीला महिनाभर बाळीजवळ बसवलंय. चमचा डावीकडून न्यायचा ते तिला जमलं. पहिले चार दिवस बाळीनं तोंड उघडलं नाही, मी दाराआड उभी राहून रडले, पाचव्या दिवशी उघडलं.

आता पुढचं. केंद्राच्या बाईंना विचारलं, बाळीला तिथे दिवसभर घेतील, फी बावीसशे. पण रात्री तिला घर लागेल, म्हणजे तुम्ही दोघांनी इकडे खोली घेऊन राहायला यायचं. ते जमत नसेल तर बाळी आहे तिथेच राहू दे, पुरी फी भरा, त्यातले सतराशे दरमहा मी देईन. माझ्या हातात आलेल्या पाकिटातून, माझ्या हातानं मोजून.

पण तुला ते मागावे लागतील. "बारके, सतराशे दे," एवढं एका ओळीत लिही. मी आपणहून पाठवणार नाही. मला कठोर म्हण हवं तर. मला एकदा कुणीतरी मागितलेलं हवंय.

खालचा पत्ता नव्या खोलीचा आहे.

बारकी

१४ सप्टेंबर

बारके,

पत्ता वरचा नीट बघ. संस्थेचाच आहे, चुकून लिहिलेला नाही. मी इथे कामाला लागले. पाच आठवडे झाले.

ती एक ओळ मी लिहून बघितली. तीनदा लिहिली. एकदा पाकिटात घालून टपालपेटीपर्यंत गेले होते. तुझ्याकडून घेताना मला काही वाटलं नाही, सहा वर्षं. मागताना मात्र हात उचलेना. ही कसली जात आहे माझी, देव जाणे.

मग मोठ्या बाईंना भेटले. म्हटलं, सवलत चालू ठेवा. त्या म्हणाल्या, "नियम कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांसाठी आहे. तुमची बहीण गेली, जागा रिकामी आहे." त्यांना वाटलं मी उठून जाईन. मी म्हटलं, मी सत्तावन्न वर्षांची आहे, चालेल का? त्या हिशेबनिसाकडे बघू लागल्या.

नव्या माणसाला आठ हजार. वजा तीन हजार चारशे. हाती चार हजार सहाशे. वाढ होईल तशी हातात, असं लिहून घेतलं. कागद मी तीन वेळा वाचला. हिशेबनीस घड्याळ बघत होता, म्हटलं, बघा, मी वाचतेय. हे घरी स्वतःचं करून खातात. मीठ विसरतात आणि फोनवर मला विचारतात, चव का नाही.

मला वाटलं होतं, निदान बाळीजवळ राहीन. तिला मीच न्हाऊ घालीन, मीच भरवीन, वाईटातून तेवढं चांगलं. पण तुझ्या दाखल्याचं प्रकरण झाल्यावर मोठ्या बाईंनी नवा नियम काढलाय. नातेवाईक असेल त्या दालनात काम द्यायचं नाही, तक्रारी होतात. बाळी डावीकडच्या दालनात, मला उजवीकडचं. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुली उचलते. माझ्या मुलीला ती नवी मुलगी भरवते. दाराला काच आहे, येता-जाता बघते. चमचा डावीकडूनच नेते हो ती. बाळी गुणगुणत असते. मी दिसले की थांबते, घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहते. जेवण राहायला नको म्हणून मी तिथे उभी राहत नाही.

रविवारी एक तास भेट मिळते, बाहेरच्यांना मिळते तशीच. वहीत सही करून.

तुझ्यावर माझा राग होता. अजून थोडा आहे. पण तुझ्या खाटेवर झोपते आणि घंटा वाजली की तो विसरायला होतो.

आता खरं काम लिहिते. तुझी ती सत्तर किलोची बाई आता उजवीकडच्या दालनात आहे, माझ्याच वाट्याला आली आहे. परवा टबातून काढताना ओला हात निसटला, ती माझ्या अंगावर आली. तिला काही लागलं नाही. मी भिंत आणि ती यांच्या मध्ये, तिचं डोकं माझ्या छातीवर धरून बसून राहिले, किती वेळ ते कळलं नाही. खांदा अजून वर जात नाही. कुणाला सांगितलं नाही, नवीन आहे, म्हणतील झेपत नाही.

तू तिला एकटीनं कसं उचलत होतीस, तेवढं लिही. कुठला हात कुठे घालायचा, पाय कसे ठेवायचे. पैसे नकोत.

ताई

२० सप्टेंबर

ताई,

पत्र केंद्रात वाचलं, जेवायच्या सुट्टीत. मुख्य बाईंनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, बहिणीचं पत्र आहे. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि गेल्या.

खांदा डॉक्टरला दाखव. कामावर लागलंय असं वहीत नोंदवून मग जा, नाहीतर खर्च देत नाहीत. नोंदवताना तारीख आणि वेळ घाल. मी घातली नव्हती.

तू विचारलंस, कसं उचलायचं. कुठला हात कुठे घालायचा, ते मी लिहिणार नाही, कारण तशी रीतच नाही. सत्तर किलोच्या माणसाला एकट्या बाईनं उचलायचंच नसतं. मला हे इथे आल्यावर पहिल्या दिवशी शिकवलं. मी विचारलं, आणि दुसरी बाई जवळ नसेल तर? त्या म्हणाल्या, हाक मारायची. ती कामात असेल तर? तर थांबायचं. उशीर झाला तर? होऊ द्यायचा.

अकरा वर्षं मी त्या न्हाणीघरातून एकदाही हाक मारली नाही. तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे, लहानपणी गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

ती टबात बसली की तिला टॉवेल पांघर, पाण्याचा नळ बंद कर, तिच्याजवळ बस आणि हाक मार. कुणी आलं नाही तर परत मार. डावीकडच्या दालनापर्यंत ऐकू गेली तरी चालेल.

बारकी